गोदी कामगार ते राष्ट्राध्यक्ष : फिनलंडच्या माउनो कोइविस्तो यांच्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माउनो कोइविस्तो कोण होते?

फिनलंडचे नववे राष्ट्राध्यक्ष. २७ जानेवारी १९८२ ते १ मार्च १९९४ अशी बारा वर्षं ते त्या पदावर होते. त्याआधी दोनदा पंतप्रधान, दोनदा अर्थमंत्री आणि चौदा वर्षं देशाच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर. त्याही आधी तुर्कू बंदरातले कामगार, मग शाळामास्तर, मग समाजशास्त्रात डॉक्टरेट. एका माणसाच्या आयुष्यात एवढं सगळं बसतं यावर पहिल्यांदा वाचताना माझाही विश्वास बसला नव्हता.

गरिबाघरचा मुलगा शिकून मोठा झाला, ही गोष्ट आपण पुष्कळदा ऐकलेली असते आणि इथेही ती आहेच. मला जास्त रस आहे तो पुढच्या भागात. देशातल्या सर्वांत ताकदवान खुर्चीपर्यंत पोचायला या गृहस्थांना वयाची अठ्ठावन्न वर्षं लागली, आणि तिथे बसल्यावर त्यांनी त्याच खुर्चीचे पाय थोडे थोडे कापायला घेतले. वडील सुतार होते, त्यामुळे करवत कशी धरायची हे त्यांना माहीत असावं!

ते खरंच गोदी कामगार होते, की प्रचारासाठी रंगवलेली ही कहाणी?

खरंच होते. जन्म २५ नोव्हेंबर १९२३चा, फिनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या तुर्कू शहरातला. वडील युहो जहाजबांधणीच्या कारखान्यात सुतार होते आणि अतिशय धार्मिक वृत्तीचे होते. माउनो दहा वर्षांचा असताना आई गेली. प्राथमिक शाळा संपताच मिळेल ते काम करायला सुरुवात झाली. युद्ध संपल्यावर काही काळ सुतारकाम आणि मग तुर्कूच्या धक्क्यावर माल चढवणं-उतरवणं.

मुंबईतली गोदी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे काम वेगळं समजावून सांगायला नको. जहाज लागलं तर काम, नाही लागलं तर बसून राहायचं. आज कोणाला घ्यायचं आणि कोणाला नाही, हे ठरवणाऱ्याच्या हातात सगळी नाडी. तुर्कूत त्यात भर थंडीची आणि बाल्टिकवरून येणाऱ्या वाऱ्याची.

दुसऱ्या महायुद्धात ते लढले होते का?

हो. १९३९मध्ये सोव्हिएत युनियनने हल्ला केला तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. त्या हिवाळी युद्धात त्यांनी आग विझवणाऱ्या पथकात काम केलं. पुढच्या युद्धात, १९४१ ते १९४४च्या, ते प्रत्यक्ष आघाडीवर होते. शत्रूच्या रेषेपलीकडे घुसून टेहळणी करणाऱ्या लाउरी तोर्नी यांच्या तुकडीत ते हलकी मशीनगन चालवत.

या तोर्नींची कथा एखाद्या कादंबरीला पुरेल अशी आहे. फिनलंडचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळवलेला हा माणूस मधल्या काळात नाझी जर्मनीच्या एसएस दलाच्या गणवेशातही होता. नंतर तो अमेरिकेत पोचला, लॅरी थॉर्न हे नाव घेऊन तिथल्या स्पेशल फोर्सेसमध्ये अधिकारी झाला आणि १९६५मध्ये व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टर कोसळून गेला. एकाच तुकडीतल्या एकाची वाट अशी गेली आणि दुसऱ्याची बँकेच्या काउंटरकडे वळली.

जिथे जीवच पणाला लागलेला असतो असा खेळ खेळून आल्यावर बाकीचे खेळ त्या मानाने सोपे वाटतात, अशा अर्थाचं कोइविस्तो पुढे म्हणत. त्यांच्या राजकारणातल्या संथपणाचं मूळ मला तिथे दिसतं. लोक आरडाओरडा करत असताना ते घाई करत नसत.

गोदीत काम करता करता डॉक्टरेट कशी मिळवली?

दिवसा काम आणि उरलेल्या वेळात अभ्यास. आपल्याकडे गिरणगावातल्या रात्रशाळांनी जी माणसं घडवली, त्यांच्याच जातीची ही चिकाटी. माध्यमिक परीक्षा १९४७मध्ये दिली, मॅट्रिक १९४९मध्ये, म्हणजे वयाच्या पंचविशीत. मग तुर्कू विद्यापीठात प्रवेश. मधल्या काळात प्राथमिक शाळेत शिकवणं आणि नगरपालिकेत व्यवसाय मार्गदर्शनाची नोकरी. १९५६मध्ये प्रबंध पूर्ण झाला.

प्रबंधाचा विषय होता तुर्कू बंदरातले सामाजिक संबंध. ज्या धक्क्यावर घाम गाळला, त्याच धक्क्यावरची माणसं एकमेकांशी कशी वागतात, कोण कोणाचं ऐकतं, टोळी कशी बनते, याचा त्यांनी अभ्यास केला. एखाद्या माथाडीने माथाडींवर पीएच.डी. करावी तसं. समाजशास्त्रज्ञ म्हणून विद्यापीठातच राहायचा त्यांचा विचार होता, असं सांगतात. तो बारगळला.

हांकोच्या संपाचं प्रकरण नेमकं काय आहे? त्यांना ‘संपफोड्या’ का म्हणत?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना बहुतेकदा कोइविस्तोंना खोटं पाडायचं असतं, म्हणून जरा सविस्तर.

युद्धानंतर फिनलंडच्या कामगार चळवळीत दोन घरं होती, सोशल डेमोक्रॅट आणि कम्युनिस्ट. दोघांचं एकमेकांशी हाडवैर. प्रत्येक कारखान्यात, प्रत्येक बंदरात संघटना कोणाच्या ताब्यात यावरून झुंज चाले. कोइविस्तो १९४७मध्ये सोशल डेमोक्रॅटिक पक्षात आले आणि पुढच्याच वर्षी तुर्कूच्या बंदर कामगार कचेरीचे प्रमुख झाले. १९४९मध्ये कम्युनिस्टांच्या ताब्यातल्या संघटनांनी संपांची लाट उठवली. सोशल डेमोक्रॅट फागरहोल्म यांचं अल्पमतातलं सरकार पाडायचं, हा त्यामागचा हेतू असल्याचं सोशल डेमोक्रॅट मानत. कामगारांच्या मध्यवर्ती महासंघाने या संपाला मनाई केली होती.

कोइविस्तो दक्षिण टोकाच्या हांको बंदरात गेले, तिथल्या कचेरीची सूत्रं हाती घेतली आणि माणसं जमवून जहाजांवरचं काम चालू ठेवलं. कम्युनिस्ट वृत्तपत्रांनी त्यांना शत्रू ठरवलं. शिव्या खाल्ल्या, पण बंदर बंद पडलं नाही.

संप फोडला हे खरंच आहे. तो मालकांसाठी फोडला की आपल्याच महासंघाच्या आदेशावरून, यावर आजही मतभेद होऊ शकतात. माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे, पण त्या धक्क्यावर संपात उभ्या असलेल्या माणसाला हा फरक फारसा जाणवला नसेल, हेही कबूल. हे प्रकरण लक्षात ठेवा; १९८२मध्ये ते पुन्हा येणार आहे.

समाजशास्त्रज्ञ बँकेत कसा गेला?

पक्षाच्या आणि चळवळीच्या ओळखीतून. १९५७मध्ये ते हेलसिंकीच्या कामगार बचत बँकेत आले आणि १९५९ ते १९६८ तिचे प्रमुख होते. कामगारांची बचत सांभाळणारी ही संस्था होती. आपल्या पतपेढ्या आणि सहकारी बँका ज्या गरजेतून उभ्या राहिल्या, त्याच गरजेतली. १९६६च्या निवडणुकीत सोशल डेमोक्रॅटांना मोठं यश मिळालं, राफाएल पासिओ यांचं सरकार आलं आणि आकड्यांची भाषा येणारा एक डावा माणूस त्यांना अर्थमंत्रिपदासाठी हवा होता.

ते एकाच वेळी मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर आणि पंतप्रधान होते?

कागदोपत्री, हो. १९६८मध्ये बँक ऑफ फिनलंडचं गव्हर्नरपद मिळालं आणि त्याच वर्षी मार्चमध्ये पंतप्रधानपदही. सरकारात असताना बँकेतून रजा, सरकार गेलं की पुन्हा बँकेच्या खुर्चीत. पंतप्रधानपदाचे दोन काळ : १९६८ ते १९७० आणि १९७९ ते १९८२. मधे १९७२मध्ये काही महिने पुन्हा अर्थमंत्री आणि उपपंतप्रधान. बँकेचं पद १९८२पर्यंत त्यांच्याच नावावर होतं.

आपल्याकडे चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेतून अर्थमंत्रालयात गेले, मनमोहन सिंग तर त्याही पुढे गेले. पण बँकेचं पद रजेवर ठेवून देश चालवायचा, ही सोय त्यांना नव्हती.

या मागच्या दरवाजाचा कोइविस्तोंना झालेला फायदा कोणी फारसा बोलून दाखवत नाही. सत्तरच्या दशकात फिनलंडमध्ये सरकारं भराभर बदलत होती, नेते एकमेकांशी भांडून घामाघूम होत होते. हे मात्र बँकेत बसून महागाईवर संथ आवाजात मतं मांडत होते. चिखल उडाला तो इतरांवर. दशकाच्या शेवटी जनमत चाचण्यांत सर्वांत लोकप्रिय नेता कोण, तर कोइविस्तो.

ते कधीच खासदार नव्हते, हे खरं आहे का?

खरं आहे. फिनलंडमध्ये मंत्री किंवा पंतप्रधान व्हायला संसदेचं सदस्य असावं लागत नाही. ते पक्षाचे अध्यक्षही कधी झाले नाहीत. १९७५पासून ती जागा कालेवी सोर्सा यांच्याकडे होती आणि दोघांचं सूत फारसं जमत नसे. गंमत म्हणजे कोइविस्तोंच्या घरात खासदार होत्या त्या त्यांच्या पत्नी तेल्लेर्वो, १९७२ ते १९७५ या काळात.

उर्हो केक्कोनेन कोण? त्यांचं नाव प्रत्येक चर्चेत का येतं?

कारण त्यांच्याशिवाय कोइविस्तो समजत नाहीत. केक्कोनेन १९५६मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले आणि पंचवीस वर्षं राहिले. १९७३मध्ये तर निवडणूकच न घेता संसदेने खास कायदा करून त्यांची मुदत चार वर्षांनी वाढवली. कारण असं दिलं गेलं की शेजारच्या मॉस्कोशी बोलणं फक्त त्यांनाच जमतं.

फिनलंडचा राष्ट्राध्यक्ष म्हणजे आपल्यासारखा मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने सही करणारा राष्ट्रपती, असं समजून कोणी वाचत असेल तर थांबा. त्या काळात परराष्ट्र धोरण त्याच्या हातात होतं, सरकार कोणी बनवायचं हे तो ठरवी, संसद विसर्जित करणं त्याच्या मर्जीवर होतं. १९७५मध्ये पक्षांचं जमेना तेव्हा केक्कोनेन यांनी सगळ्या नेत्यांना टीव्ही कॅमेऱ्यांसमोर उभं केलं, दम भरला आणि सरकार बनवून घेतलं. एका अख्ख्या पिढीला दुसरा राष्ट्राध्यक्ष माहीतच नव्हता.

१९८१मध्ये असं काय झालं की सगळे त्याला कलाटणी म्हणतात?

हे त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत महत्त्वाचं पान.

वसंतात कोइविस्तोंच्या दुसऱ्या सरकारात कुरबुरी सुरू होत्या. पंतप्रधानांची लोकप्रियता वाढत होती, आणि उत्तराधिकारी म्हणून त्यांचं नाव पुढे येणं केक्कोनेन यांच्या भोवतालच्या मंडळींना, विशेषतः त्यांच्या जुन्या पक्षातल्या, सेंटर पार्टीतल्या काहींना, खुपत होतं. सरकारने आता जावं, असं राष्ट्राध्यक्षांकडून सूचित झालं. आजवरचा शिरस्ता स्पष्ट होता : केक्कोनेन यांनी नापसंती दाखवली की पंतप्रधानाने राजीनामा लिहायचा.

कोइविस्तोंनी लिहिला नाही. राज्यघटनेप्रमाणे सरकारला विश्वास हवा तो संसदेचा आणि तो आपल्याकडे आहे, एवढीच त्यांची भूमिका. आरडाओरड नाही, पत्रकार परिषदेत आरोप नाहीत. त्यांनी वापरलेलं कलम घटनेत कधीपासून होतं. ते मोठ्याने वाचायची हिंमत तेवढी कोणी केली नव्हती.

आणि काहीच झालं नाही! सरकार टिकलं. ज्याला नाही म्हणता येत नाही असं सगळे धरून चालले होते, त्याला एकाने शांतपणे नाही म्हटलं आणि आभाळ कोसळलं नाही, हे देशाने पाहिलं. ऐंशीचं वय झालेल्या केक्कोनेन यांची प्रकृती तेव्हा ढासळतच होती. ऑगस्टमध्ये आइसलँडच्या दौऱ्यानंतर ते आजारी पडले, सप्टेंबरमध्ये रजेवर गेले आणि ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांनी पद सोडलं. रजेच्या काळात कार्यभार कोणाकडे? पंतप्रधानांकडे. वसंतात राजीनामा देऊन मोकळे झाले असते तर त्या शरद ऋतूत हंगामी राष्ट्राध्यक्ष दुसराच कोणी असता.

१९८२ची निवडणूक ते कसे जिंकले?

तेव्हा थेट निवडणूक नव्हती. लोक ३०१ निर्वाचक निवडत आणि ते राष्ट्राध्यक्ष निवडत. समोर हार्री होल्केरी, योहान्नेस विरोलाइनेन, कालेवी किविस्तो अशी मंडळी होती. मॉस्कोचा ओढा सेंटर पार्टीच्या आहती कार्यालाइनेन यांच्याकडे होता, पण त्यांच्या पक्षानेच त्यांना डावलून विरोलाइनेन यांना उमेदवारी दिली.

जानेवारीत मतदान सुमारे ८७ टक्के झालं. कडाक्याच्या थंडीत! कोइविस्तोंच्या बाजूचे निर्वाचक दीडशेच्या किंचित खाली राहिले. बहुमताला १५१ हवे होते. २६ जानेवारीला निर्वाचक मंडळ बसलं आणि पहिल्याच फेरीत त्यांना १६७ मतं पडली. वरची मतं आली ती मुख्यतः कम्युनिस्टांचा भरणा असलेल्या डाव्या आघाडीतल्या मवाळ गटाकडून. १९४९मध्ये ज्यांच्या वृत्तपत्रांनी हांकोवरून त्यांच्या नावाने बोटं मोडली होती, त्यांच्याच वारसांनी पल्ला गाठून दिला.

फिनलंडचे ते पहिले सोशल डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष.

ते समाजवादी होते का?

पक्षाने होते. प्रचाराच्या काळात त्यांना हा प्रश्न टीव्हीवर विचारला गेला तेव्हा त्यांनी जुन्या सोशल डेमोक्रॅट विचारवंताचा, बर्नस्टाइनचा, दाखला दिला : महत्त्वाची आहे ती वाटचाल, मुक्काम नव्हे. आता यातून काय घ्यायचं ते घ्या. डाव्यांना वाटलं आपला आहे, उजव्यांना वाटलं याच्यापासून धोका नाही. बँकर म्हणून ते खर्चाच्या बाबतीत हात आखडता घेणारे होते आणि त्यांच्या पक्षातल्या अनेकांना हे कधीच रुचलं नाही.

खुर्चीचे पाय कापले म्हणजे नेमकं काय केलं?

सुरुवात न करण्यापासून झाली. रोजच्या राजकारणात नाक खुपसायचं नाही, सरकारला चार वर्षं काम करू द्यायचं. केक्कोनेन यांच्या काळात सरकारं वर्ष-दीड वर्षात कोसळत. कोइविस्तोंच्या काळात सोर्सा यांचं १९८३चं, होल्केरींचं १९८७चं आणि एस्को आहो यांचं १९९१चं, अशी तिन्ही सरकारं पूर्ण मुदत टिकली. फिनलंडला ही सवय नव्हती.

मग कायदे बदलले. १९९१च्या घटनादुरुस्तीनंतर राष्ट्राध्यक्षाला सलग दोनच मुदती मिळतात, आणि पंतप्रधानाने मागणी केल्याशिवाय त्याला संसद विसर्जित करता येत नाही. निवड थेट जनतेकडून होऊ लागली. १९८८ची निवडणूक मधल्या पायरीवरची होती : लोकांनी थेट मतं दिली, कोइविस्तोंना निम्म्याहून थोडी कमी मिळाली, म्हणून प्रकरण पुन्हा निर्वाचक मंडळाकडे गेलं आणि तिथे दुसऱ्या फेरीत ते निवडून आले. पूर्णपणे थेट निवड झाली ती १९९४मध्ये, त्यांच्या जागी मार्त्ती आहतिसारी आले तेव्हा. २०००च्या नव्या राज्यघटनेने सरकार बनवण्याचा अधिकारही संसदेकडे नेला.

मात्र त्यांना संत करू नका. १९८७च्या निवडणुकीआधी बिगरसमाजवादी पक्षांनी आपसात गुपचूप करार करून ठेवला होता. पुढचं सरकार कोणाचं हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. कोइविस्तोंनी तो उधळला. होल्केरींना पंतप्रधान करून त्यांचा उजवा पक्ष आणि सोशल डेमोक्रॅट यांना एका गाडीला जुंपलं आणि सेंटर पार्टीला बाहेर बसवलं. अधिकार अजून शिल्लक होते आणि ते कसे वापरायचे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पाय कापणारा माणूस कापायच्या आधी एकदा खुर्चीवर ऐसपैस बसून घेतो, त्यातला हा प्रकार.

सोव्हिएत युनियन कोसळत असताना त्यांनी काय केलं?

बाहेरून पाहिलं तर फारसं काही नाही. फिनलंडची रशियाशी तेराशे किलोमीटरहून लांब सीमा आहे आणि १९४८पासून मॉस्कोशी मैत्री व परस्पर साहाय्याचा करार होता. १९८३मध्ये कोइविस्तोंनी तो आणखी वीस वर्षांसाठी वाढवला. ते रशियन शिकले होते, रशियाचा इतिहास वाचत असत. गोर्बाचेव्ह आणि थोरले बुश या दोघांशीही त्यांचं नीट जमे. सप्टेंबर १९९०मध्ये हे दोघे हेलसिंकीत भेटले, यजमान कोइविस्तो.

त्या भेटीनंतर दोनेक आठवड्यांत, २१ सप्टेंबरला, फिनलंडने एकतर्फी जाहीर केलं की १९४७च्या पॅरिस तहाने आपल्या सैन्यावर घातलेल्या मर्यादा आता लागू नाहीत (अण्वस्त्रबंदी तेवढी कायम), आणि मैत्री करारातला संभाव्य हल्लेखोर म्हणून जर्मनीचा उल्लेख कालबाह्य झाला आहे. जर्मनीचं एकीकरण काही दिवसांवर आलं होतं, सगळ्यांचं लक्ष तिकडे. कोणाची परवानगी मागितली नाही. मागितली की नकार मिळू शकतो, हा साधा हिशेब. १९८१मध्ये घटनेचं कलम वाचणारा माणूस इथे तहाचं कलम वाचताना दिसतो.

युरोपीय संघात जाण्याचा निर्णय त्यांचा का?

अर्ज त्यांच्या कारकिर्दीत गेला, मार्च १९९२मध्ये. आधी बराच काळ ते या विषयावर मूग गिळून होते. सोव्हिएत युनियन विसर्जित झाल्यावर आणि शेजारच्या स्वीडनने पाऊल उचलल्यावर वेळ आली असं त्यांनी ठरवलं. सार्वमत ऑक्टोबर १९९४मध्ये झालं, सुमारे ५७ टक्के लोकांनी होकार दिला आणि १ जानेवारी १९९५ला फिनलंड सदस्य झाला. तोवर कोइविस्तो निवृत्त झाले होते.

त्यांच्यावर टीका कशावरून होते?

तीन गोष्टींवरून सर्वाधिक.

पहिली, बाल्टिक देश. एस्टोनिया स्वातंत्र्यासाठी धडपडत होता. तिथल्या लोकांची भाषा फिनिशची सख्खी बहीण, मधे फक्त एक खाडी. तरी कोइविस्तोंनी उघड पाठिंबा देण्यात इतकी सावधगिरी बाळगली की आपल्याच लोकांना ती बोचली. ऑगस्ट १९९१मध्ये मॉस्कोतलं बंड फसल्यावरच फिनलंडने पाऊल टाकलं. पडद्याआड मदत होत होती, असं त्यांचे समर्थक सांगतात. असेलही. पण शेजारी बुडत असताना हळूच पुढे केलेला हात काठावरच्यांना दिसत नाही.

दुसरी, नव्वदच्या दशकातली मंदी. १९९० ते १९९३ या काळात फिनलंडचं उत्पन्न दहा टक्क्यांहून जास्त घटलं, बँका बुडायला आल्या, बेकारी आभाळाला भिडली. कोइविस्तो मार्क्का या चलनाचा दर टिकवण्याच्या बाजूचे होते. नोव्हेंबर १९९१मध्ये अवमूल्यन करावं लागलं आणि सप्टेंबर १९९२मध्ये चलन बाजारावर सोडावं लागलं. त्यात परकी चलनात कर्ज काढलेले अनेक छोटे उद्योजक देशोधडीला लागले. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाकडून ही चूक झाली, म्हणून ती जास्त लागते.

तिसरी, तिइतिनेन यादी. पूर्व जर्मनीच्या गुप्तहेर खात्याशी संपर्क असल्याचा संशय असलेल्या फिनिश व्यक्तींची ही यादी १९९०मध्ये पश्चिम जर्मनीकडून आली. कोइविस्तोंनी ती पाहिली आणि तिजोरीत बंद करून ठेवायला सांगितलं. पुराव्याशिवाय लोकांची आयुष्यं उधळायची नाहीत, असं त्यामागचं कारण सांगतात. यादी उघड करावी म्हणून नंतर कोर्टकचेऱ्या झाल्या.

पत्रकारांशी त्यांचं का पटत नसे?

ते बोलत सावकाश, मध्येच थांबत, आणि वाक्य संपलं तरी अर्थ हाती लागेलच याची खात्री नसे. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत त्या वाक्याची पाच भाष्यं. आणि मग ती चुकली म्हणून हेच नाराज. एकदा त्यांनी पत्रकारांना लेमिंग म्हटलं. लेमिंग हा उत्तरेकडचा उंदरासारखा प्राणी, एक पळाला की सगळा कळप मागे पळतो अशी त्याची ख्याती. शब्द चिकटला, अजून निघालेला नाही.

घरच्यांविषयी काय माहिती आहे?

१९५२मध्ये तेल्लेर्वो कांकानरांता यांच्याशी लग्न, १९५७मध्ये मुलगी अस्सी. तेल्लेर्वो स्वतंत्र बाण्याच्या. नव्वदच्या दशकात त्यांनी स्वतःच्या नैराश्याविषयी जाहीरपणे सांगितलं. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीने त्या काळात असं बोलणं ही लहान गोष्ट नव्हती, आणि अनेक फिनिश घरांत त्यानंतर हा विषय पहिल्यांदा निघाला.

आज एखाद्या गोदी कामगाराला राष्ट्राध्यक्ष व्हायचं असेल तर?

जन्माने फिनलंडचं नागरिक असावं लागतं. उमेदवारी एकतर संसदेत किमान एक खासदार असलेल्या पक्षाकडून, नाहीतर २०,००० मतदारांच्या पाठिंब्याने. पहिल्या फेरीत निम्म्याहून जास्त मतं कोणालाच मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी. मुदत सहा वर्षं. परराष्ट्र धोरण सरकारबरोबर मिळून चालवायचं, सैन्याचं सरसेनापतिपद आपल्याकडे. १ मार्च २०२४पासून अलेक्झांडर स्टब या पदावर आहेत. त्यांची वाट अमेरिकेतलं आणि लंडनमधलं शिक्षण, ब्रुसेल्स, युरोपीय संसद अशी गेली. कोइविस्तोंच्या वाटेशी तिचं साम्य एवढंच : डॉक्टरेट, अर्थमंत्रिपद आणि पंतप्रधानपद दोघांकडे होतं.

निवृत्तीनंतर ते काय करत होते?

लिहीत होते. आठवणींचे खंड, रशियाविषयीचं चिंतन. इंकोजवळच्या तेहतेला नावाच्या उन्हाळी घरात लाकूडकाम आणि व्हॉलीबॉल. व्हॉलीबॉल हा त्यांचा जुना नाद. राष्ट्राध्यक्ष असतानाही मित्रांना जमवून ते जाळीशी उभे राहत, आणि हरणं त्यांना आवडत नसे म्हणतात. १२ मे २०१७ला, त्र्याण्णव वर्षांचे असताना, हेलसिंकीत त्यांचं निधन झालं. हिएतानिएमी दफनभूमीत त्यांना मूठमाती दिली.

नावाचा उच्चार आणि अर्थ काय?

माउनो कोइविस्तो. फिनिशमध्ये जोर नेहमी पहिल्या अक्षरावर, त्यामुळे मा आणि को ठसठशीत म्हणा, बाकीचं आपोआप जमेल. कोइवु म्हणजे भूर्जवृक्ष, ज्याच्या हिमालयातल्या भावाच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या जात. कोइविस्तो म्हणजे भूर्जांची राई. देशभर लोक त्यांना लाडाने मनु म्हणत. आपल्याकडे या नावावरून दोन तट पडतात. तिकडे मनु म्हटलं की कपाळावर केसांची बट आलेला, बोलताना मध्येच थांबणारा एक उंच माणूस लोकांना आठवतो.